शुगर सकाळी नाही, दुपारी चारला बघा म्हणणारा दवाखाना (रिव्ह्यू, ५ पैकी साडेचार स्टार)

दवाखान्याचा रिव्ह्यू मी आयुष्यात पहिल्यांदा लिहायलोय. हॉटेलचे लिहितो, एकदा पाणबुडी मोटारीचा लिहिला होता (चार महिन्यात जळाली ती). पण तीन आठवडे आमचं अख्खं घर ज्या गोष्टीपायी येडं झालं होतं ती इथं पाच मिनिटात सापडली, अन् तीबी कुठलं मोठं मशीन लावून नाही, एक साधा प्रश्न विचारून, म्हणून लिहावं वाटलं. दवाखान्याचं नाव टाकत नाही कारण मॅडमनीच सांगितलं बाबा नको, आहे तीच गर्दी आवरंना. अंबाजोगाईत बसस्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे, खाली मेडिकल, वर दवाखाना, जिना अरुंद, एवढ्यावर ज्याला कळायचं त्याला कळेल.

तर झालं असं. आमचे दादा म्हणजे माझे वडील, वय ६४, केजकडं शेती. दसऱ्याच्या टायमाला तोंडात फोड आले, मग छातीवर, पाठीवर, फुटले की सालटं निघायची, जेवता येईना. बाहेरगावच्या मोठ्या स्किनच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी कातडीचा तुकडा काढून तपासला अन् पेम्फिगस म्हणून सांगितलं. ह्यात अंगाची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती कातडीवर उलटती. स्टिरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर. अन् गुण आला, खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसात नवीन फोड यायचे बंद झाले, दादा भाकर चावून खायला लागले. औषध बरोबरच होतं. फक्त शुगरकडं लक्ष ठेवा अन् कोणत्या वेळी तपासा, हे एक वाक्य कुणी बोललं नाही. किंवा बोलले असतील अन् आमच्या कानावरून गेलं असंल, तिथली गर्दी बघता तेबी होऊ शकतं.

आठवड्याभरात दादांना तहान सुरू झाली. पहिल्यांदा वाटलं तोंड आत्ताच बरं झालंय म्हणून पाणी गोड लागायलंय. मग रात्री चार चार वेळा लघवीला उठायलेत. सगळे म्हणले वय झालं, प्रोस्टेट असंल, म्हणून सोनोग्राफी केली, त्यात काही नाही. मग डोळ्याला अंधुक दिसायलं, टीव्हीवरच्या खालच्या पट्टीतली अक्षरं वाचता येईनात, तर चष्मा बदलला, १८०० रुपये. मधी भूक एवढी की रात्री अकराला उठून दिवाळीची उरलेली शेव खायची, आई म्हणायची फोड बरे झाले अन् माणूस लहान लेकरू झाला. वजन मात्र उतरायलंय. खाणं वाढलं अन् वजन उतरलं, इथंच खरं तर आमची ट्यूब पेटायला पाहिजे होती.

आता तुम्ही म्हणाल एवढं होऊन शुगर तपासली नाही का. तपासली ना! दोनदा तपासली. सकाळी उपाशीपोटी, लॅबमधी, रीतसर. एकदा ९८, एकदा १०४. लॅबवाला म्हणला नॉर्मल हाय. मी निवांत. तिसऱ्या वेळी तीन महिन्याची सरासरी दाखवणारी टेस्ट असती ती पण केली, एचबीएवनसी, ती आली ६.२, म्हणले बॉर्डरवर हाय, गोड कमी खा. एवढे तीन कागद हातात असल्यावर शुगरचा विषय आमच्या डोक्यातून गेलाच.

ह्या मॅडमकडं आम्ही खरं तर खोकल्यासाठी गेलो होतो. त्यांनी फाईल चाळली, तिन्ही रिपोर्ट बघितले, अन् दादांना विचारलं, "काका, ही गोळी किती वाजता घेता?" दादा म्हणले साडेआठला, नाश्ता झाला की. "अन् रक्त किती वाजता दिलं होतं?" सकाळी सातला. मॅडम हसल्या. म्हणल्या, "चोर दुपारी येतो अन् तुम्ही पहारा सकाळी दिला." तेव्हा चार वाजले होते, जेवून दोन तास झाले होते, तिथल्या तिथं बोटाला टोचलं. ३१८.

मी खुर्चीत बसल्या जागी गार पडलो. दादा मात्र म्हणायलेत मशीन बिघडलं असंल. मॅडमनी हात धुवून दुसऱ्या बोटाचं घेतलं, ३११.

मग त्यांनी जे समजून सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, इथं टाकतो, कुणाच्या तरी कामाला येईल. स्टिरॉइड पोटात गेलं की एकीकडं लिव्हर रक्तात जास्त साखर सोडायला लागतं, दुसरीकडं अंगातले स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणजे साखर रक्तात येती जास्त अन् आत जाती कमी. ज्याच्या स्वादुपिंडात जोर आहे ते जास्तीचं इन्सुलिन काढून निभावतं. ज्याचं आधीच दमलेलं आहे, वय झालेलं, घरात शुगरचा वारसा, पोट सुटलेलं, नाहीतर आमच्या दादासारखं बॉर्डरवर, त्याची शुगर उडती. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो अन् रात्रीतून उतरतो, म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासलं की रिपोर्ट एकदम देवमाणसासारखा येतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी नाहीतर संध्याकाळच्या जेवणाआधी बघायचं. अन् ती तीन महिन्याची टेस्ट दोन-तीन आठवड्यातली चढ पकडू शकत नाही, कारण ती सरासरी आहे, जुने चांगले दिवस नव्या वाईट दिवसांना झाकून टाकतात. तिचा उपयोग स्टिरॉइड सुरू करायच्या आधी करून ठेवायला, म्हणजे माणूस आधीच शुगरचा होता का नंतर झाला हे कळतं.

मी विचारलं मग सगळ्या स्टिरॉइडचं असंच का. तर नाही. डेक्सामेथासोन अंगात दीड दिवस अन् त्याच्या वरबी राहतं, त्यात सकाळची शुगरसुद्धा वाढलेली दिसती. अन् मिलिग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नका म्हणल्या, डेक्साचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ४० धरा, मिथाइलप्रेडनिसोलोनचे ३२, डिफ्लाझाकॉर्टचे ४८. आकडा बारका म्हणून औषध बारकं नसतं. कोविडमधी ऑक्सिजनवरच्या पेशंटला डेक्सा ६ मिलिग्रॅम जास्तीत जास्त दहा दिवस द्यायचं ठरलं होतं, २०२० च्या त्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानंतर, अन् त्यानं जीव वाचले. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडं गरज नसताना, जास्त डोस, जास्त दिवस, अन् शुगर बघायला कुणी नाही, त्यात ती काळी बुरशी म्हणजे म्युकर आली. आमच्या भावकीत एकाचा डोळा काढावा लागला. मॅडमनी ते दिवस बघितलेत म्हणूनच त्या एवढ्या शुगरच्या मागं लागतात असं मला वाटतं.

त्या दिवशी अॅडमिट करायचं का म्हणून मी घाबरून विचारलं. त्यांनी लघवीत किटोन (इन्सुलिन लई कमी पडलं की अंगातली चरबी जळून तयार होतात ते) तपासले, नव्हते, बीपी ठीक, दादा शुद्धीवर, बोलायलेत (जास्तच बोलायलेत), उलटी नाही, म्हणून घरी सोडलं. पण कागदावर लिहून दिलं की ३०० च्या वर अन् सोबत उलट्या, गुंगी, दम लागणं किंवा पाणी पोटात न टिकणं असं काही झालं तर फोन करत बसू नका, थेट सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या. शरीरातलं पाणी आटून माणूस बेशुद्ध होतो म्हणल्या, वयस्कर माणसात जास्त.

औषध सुरू केलं ग्लिक्लाझाइड ४० मिलिग्रॅम, फक्त सकाळी, स्टिरॉइडच्या बरोबर. रात्री काही नाही. "रात्री का नाही" हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं अन् आम्ही दोनदा मान हलवली होती, तरी घोळ झालाच. आमचे मामा बारा वर्षापासून शुगरचे पेशंट, म्हणजे घरातले अर्धे डॉक्टर. ते बघायला आले, ३१८ ऐकलं, म्हणले एका गोळीनं काय होतंय, अन् स्वतःच्या खिशातली रात्रीची गोळी दादांना दिली. पहाटे चारला आईनं मला हाक मारली, दादा घामानं भिजलेले, हात थरथरायलेत, काहीतरी बरळायलेत. मशीन लावलं, ५८. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८४, मग भाकरीचा तुकडा दिला. स्टिरॉइडचा जोर रात्री उतरलेला अन् त्यात मामाची गोळी, दुसरं काय होणार. मामा चांगल्या मनाचे आहेत, त्यांच्यावर राग नाही, पण तेव्हापासून ते आले की आई त्यांना पाणी द्यायच्या आधी खिशातलं काढून ठेवा म्हणती.

मॅडम रागावल्या पण आरडाओरडा नाही. गोळी आठवड्याभरात वाढवून बघितली, १६० पर्यंत नेली, तरी दुपारची शुगर २५०-२७० च्या खाली येईना. मग इन्सुलिनचं नाव काढलं. दादांनी सरळ नाही म्हणलं, एकदा सुई लागली की जन्माची लागती, गावात असंच म्हणतात. मॅडमनी एवढंच विचारलं, "काका, विहिरीला पाणी आलं की टँकर चालूच ठेवता का?" दादा गप. आमच्या भागात टँकरचं उदाहरण दिलं की माणूस लवकर समजतो.

ते दुधासारखं दिसणारं इन्सुलिन असतं, एनपीएच, हलवायचं नाही, तळहातात गोल फिरवायचं. सकाळी स्टिरॉइड घेतानाच १० युनिट टोचायचं, म्हणजे त्याचा जोर पण दुपारीच येतो अन् रात्रीपर्यंत ओसरतो, दोघं एकत्र चढतात अन् एकत्र उतरतात. मला हे गणित लई आवडलं. चार दिवसात १४ युनिटवर गेलो अन् दुपारची शुगर १६०-१८० मधी यायला लागली. मॅडमचं टार्गेट १८० च्या आतलं होतं, एकदम ११० च्या मागं लागू नका म्हणल्या, म्हातारं माणूस खाली पडायला नको. दोनदा २१५ च्या वर गेली तर कळवायचं. पाण्याची तहान तीन-चार दिवसात गेली, रात्रीचं उठणं एकदावर आलं. अन् तो १८०० चा चष्मा? शुगर उतरल्यावर त्यातनं दिसंना! शुगर चढल्यावर डोळ्यातलं भिंग फुगतं म्हणून नंबर बदलतो, उतरली की परत जुना नंबर. शुगर स्थिर झाल्याशिवाय चष्मा करू नका, हे वाक्य चष्म्याच्या दुकानात पाटीवर लावायला पाहिजे.

ग्लुकोमीटरचं पण लिहितो, कारण रिव्ह्यूत ते पाहिजेच. खालच्या मेडिकलमधून घेतला. मशीन स्वस्त पडतं अन् पट्ट्या महाग, प्रिंटरच्या शाईसारखं आहे. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, गर्मीत गाडीच्या डिकीत तर नकोच. अन् हात धुवा. एकदा ४०२ आली, घरात रडारड, मी मॅडमला फोन लावला, त्यांनी पहिलं विचारलं काकांनी हात धुतलेत का. दादा गुऱ्हाळावरून आले होते, बोटाला गूळ. धुवून बघितली तर १७६. इन्सुलिनची शीशी फ्रीजमधी, पण फ्रीजरमधी नाही, अन् लाईट गेली तर डबीत घालून माठाजवळ ओल्या फडक्यात. आमच्याकडं लाईट जातीच.

खाण्याचं म्हणाल तर मॅडमनी भाकरी बंद केली नाही ही दादांच्या नजरेत त्यांची सगळ्यात मोठी डिग्री. ज्वारीची भाकर कितीबी खाल्ली तरी शुगर वाढत नाही हा आमच्याकडचा समज मात्र त्यांनी मोडला. दुपारी दीड भाकर, वरण घट्ट, अंबाडी नाहीतर मेथीची भाजी भरपूर, शेंगदाण्याची चटणी थोडी, चारचा चहा बिनसाखरेचा. गुळाचा चहा चालतो का म्हणून दादांनी तीन वेगवेगळ्या पद्धतीनं विचारून बघितलं, तिन्ही वेळा नाही. हुरड्याला जायची परवानगी दिली पण गूळ-तीळ सोडून अन् त्या दिवशी जास्त चालायचं. दुपारचं जेवण हलकं अन् सकाळचा नाश्ता जरा भरीव, कारण शुगर दुपारीच चढती.

आता सगळ्यात महत्वाचं, स्टिरॉइड बंद करणं. शुगर वाढली म्हणल्यावर अर्ध्या भावकीचं मत होतं ती गोळीच फेकून द्या. मॅडमनी दम दिला, तीन आठवड्याच्या वर चालू असलेली गोळी एकदम सोडली तर अंगातली स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असती, ती लगेच उठत नाही, माणूस बीपी पडून कोसळू शकतो. त्यांनी स्किनच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला, दोघांनी बोलून डोस कमी करायचा तक्ता केला, ४०, ३०, २०, अन् पुढं हळूहळू. दर वेळी स्टिरॉइड कमी झालं की त्याच दिवशी इन्सुलिन पण कमी. हे विसरलं तर परत ते पहाटेचं ५८. आम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं दोन्ही आकडे लिहिले होते. १५ मिलिग्रॅमवर आलो तेव्हा इन्सुलिन पूर्ण बंद झालं. दादांनी त्या दिवशी मॅडमना सांगितलं, "टँकर गेला बघा."

मला ह्या दवाखान्याचं सगळ्यात जास्त काय पटलं तर ती प्रश्न विचारायची सवय. माझ्या पुढं एक मावशी होत्या, गुडघेदुखीच्या, जुनी शुगर, नेहमी कंट्रोलमधी अन् एकदम वाढली. मॅडमनी विचारलं गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय का. घेतलं होतं, चार दिवसापूर्वी. ते पण स्टिरॉइडच असतं, त्यानं काही दिवस शुगर वर राहती अन् मग आपोआप खाली येती, रोजचं औषध कायमचं वाढवायची घाई नको म्हणल्या, फक्त दोन वेळा तपासत राहा. दुसरे एक बाबा, वाताची पुडी घ्यायचे कुठल्या तरी जडीबुटीवाल्याकडनं, एका दिवसात दुखणं गायब. मॅडमनी पुडी मागवून बघितली अन् म्हणल्या असल्या पुड्यात बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, इतक्या पटकन गुण येतो तिथंच शंका घ्यायची. अन् दम्याचा पंप घेणारी एक पोरगी भीतीनं पंप सोडून बसली होती, तिला उलट रागावल्या, नेहमीच्या डोसच्या पंपातलं औषध फुप्फुसात जातं, रक्तात लई कमी, शुगरच्या भीतीनं पंप सोडायचा नसतो.

आता अर्धा स्टार का कापला. एक, नंबर पद्धत म्हणजे कंपाउंडरच्या मनावर आहे, ओळखीचे पुढं जातात, आम्ही दोन तास बसलोय. दोन, जिना. गुडघ्याच्या पेशंटला वरच्या मजल्यावर बोलावणं म्हणजे काय सांगावं. तीन, फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत, अन् शुगर तर नेमकी तेव्हाच चढती, हे मी मॅडमना बोलून दाखवलं, हसल्या, पण फोन अजून उचलत नाहीत. फी २००, आठ दिवसाच्या आत परत गेलं तर घेत नाहीत. पार्किंग नाही.

आज दादा ७.५ मिलिग्रॅमवर आहेत, शुगरचं कुठलंच औषध नाही, दुपारची १३० ते १५० येती. मॅडमनी आठवड्यातून दोनदा तपासायला सांगितलंय अन् स्टिरॉइड पूर्ण बंद झाल्यावर तीन महिन्यांनी ती एचबीएवनसी परत करायची आहे, पुढं वर्षाला एकदा, कारण ज्याला स्टिरॉइडनं शुगर झाली त्याला पुढं खरीखुरी व्हायचा धोका जास्त असतो. दादा म्हणतात बघू. आई म्हणती बघू नाही, जायचं.

जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बाकी दिवशी साडेतीनला पोचा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, फाईल नाही नेली तरी चालंल पण पाकिटं न्याच, अन् गोळी किती वाजता घेता ते घरूनच विचारून जा, कारण पहिला प्रश्न तोच येणार आहे.